पिवळी ओळ

३ सप्टेंबर, सोमवार

आज नवीन कामाचा आरंभ होत असल्यामुळे नवीन दैनंदिनी उघडत आहे. पाणीपुरवठा खात्यात मी अडतीस वर्षे झडपा उघडण्याचे व बंद करण्याचे काम केले. खात्याच्या कागदांत माझा हुद्दा ‘झडपचालक’ असा होता. लोक ‘चावीवाला’ म्हणत. दोन्ही नावांना मी ओ देत असे. शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. चौथीत मी पहिला आलो होतो. पाचवीचा वर्ग आमच्याकडे नव्हता, हा दोष माझा नाही.

सकाळी साडेदहा वाजता खात्याच्या नवीन अभियंताबाई घरी आल्या.

“काका, तुमच्याकडे झडपांच्या नोंदींच्या वह्या आहेत असं ऐकलं.”

“आहेत. नऊ.”

“पंचवीस ऑक्टोबरला मुख्य वाहिनी बदलायची आहे. रुग्णालयाची शाखा चालू ठेवून बाकी सगळ्या बंद करायच्यात. आमच्या नकाशावर निम्म्या झडपाच नाहीत. आणि आहेत त्यांना चावीचे फेरे किती, कुणाला ठाऊक नाही.”

मी त्यांना सांगितले की, फेऱ्यांपेक्षाही दिशा महत्त्वाची आहे. काही झडपा उलट्या आट्यांच्या, म्हणजे डावीकडे फिरवून बंद होणाऱ्या आहेत. न जाणणाऱ्याने जोर लावला तर दांडा तुटतो, आणि मग ती शाखा बंदही होत नाही व उघडतही नाही. रुग्णालयाच्या वाटेवर तीन झडपा आहेत, त्यांतही अशा आहेत. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वह्या नेऊ का, असे विचारले. वह्या माझ्याशिवाय उंबरठ्याबाहेर गेलेल्या नाहीत व जाणारही नाहीत. मी म्हणालो, “मी स्वतः संगणकावर उतरवून देतो.”

बाईंनी माझ्याकडे न पाहता माझ्या वयाकडे पाहिले. “जमेल?”

“चोवीस ऑक्टोबरला यादी तयार असेल,” एवढेच मी उत्तर दिले.

५ सप्टेंबर, बुधवार

सूनबाई शाळेच्या संगणक कक्षाची देखभाल पाहते. चिरंजीव जहाजावर नोकरीस असतो, त्यामुळे घरात आम्ही तिघेच. शाळेने मोडीत काढलेले एक यंत्र तिने घरी आणून त्यात लिनक्स नावाची मोफत प्रणाली घातली व ते पुढच्या खोलीत खिडकीजवळ मांडले. आत साठवणीच्या दोन तबकड्या, म्हणजे हार्ड डिस्क, आहेत. लहान तबकडीवर यंत्राचा स्वतःचा संसार, मोठीवर केवळ माझ्या नोंदी. “यंत्राचं उद्या काही झालं तरी तुमच्या नोंदींना धक्का नको, बाबा,” असे तिने सांगितले. विचार योग्य आहे.

यंत्र सुरू होताना ती एक चित्र दाखवणार होती. मी ते काढून टाकावयास लावले. अडतीस वर्षे मी जमिनीखालचे पाणी कानाने ओळखले. निदान इथे तरी आत काय चालते ते मला डोळ्यांनी दिसले पाहिजे.

यंत्र सुरू केले. काळ्या पडद्यावर हिरव्या शब्दांच्या ओळी धावू लागल्या आणि मध्येच थांबल्या. दीड मिनिट काही नाही. मग आणीबाणीची स्थिती असल्याचे जाहीर करून यंत्राने परवलीचा शब्द मागितला आणि बसून राहिले.

“मोठी तबकडी सापडत नाहीये,” सूनबाई म्हणाली. “केबल सैल असणार. स्क्रूड्रायव्हर शाळेत राहिला.”

“एक तबकडी नाही म्हणून सगळे यंत्र बंद?”

“मीच तसं लिहिलंय. तबकडी नसेल तर थांबलेलंच बरं.”

“मुळीच नाही. एका गल्लीची झडप अडकली म्हणून मी साऱ्या वस्तीचे पाणी कधी तोडले नाही.”

“पाण्याचं वेगळं असतं, बाबा.”

“पाण्याचे काहीही वेगळे नसते.”

स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींचा आवाज आला, “अगं, लिही त्यांना हवं तसं. नाहीतर जेवताना ताटात तेच वाढलं जाईल.”

सूनबाईने एका तक्त्यात, मोठ्या तबकडीच्या ओळीवर, एक शब्द वाढवला. त्याचा अर्थ असा की ही तबकडी न मिळाल्यास यंत्राने अडून बसू नये. यंत्र तत्काळ सुरू झाले. मी बरोबर होतो.

“पण मग ती आली की नाही, हे रोज कुणीतरी बघायला हवं,” ती म्हणाली.

“मी पाहीन. पाहण्याचीच नोकरी केली आहे.”

६ सप्टेंबर, गुरुवार

सूनबाईने आज यंत्र सुरू होण्याचा क्रम समजावला. तो मी माझ्या शब्दांत उतरवून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचारावे लागणार नाही.

वीज मिळताच यंत्र जागे होते खरे, परंतु त्याला स्वतःचे घर ठाऊक नसते. म्हणून त्याच्या स्मरणात प्रथम एक लहानशी तात्पुरती टाकी उभी केली जाते. तीत मोजकीच हत्यारे असतात. त्या हत्यारांनी यंत्र आपली खरी तबकडी शोधते. शोधताना ती कोणत्या खाचेत आहे हे न पाहता तिच्या अंगावरचा लांबलचक क्रमांक पाहते, जसा झडपेच्या डोक्यावर ठोकलेला क्रमांक आम्ही पाहत असू. तबकडी सापडली की तिची तपासणी होते. मग तीच मूळ ठरते, आणि तात्पुरती टाकी रिकामी करून सोडून देतात. मूळ तबकडीही प्रथम केवळ वाचण्यापुरती उघडतात. सारे ठाकठीक दिसले की मग लिहिण्याची मुभा. कोरड्या पडलेल्या मुख्य वाहिनीत मीही पहिले चार फेरेच उघडून कान लावत असे. एकदम उघडले की सांधे उखडतात.

मुख्य वाहिनी भरली की शाखा. शाखांचा तक्ता मूळ तबकडीवर असतो. त्याचे नाव एफएसटॅब. प्रत्येक शाखेची एक ओळ: कोणती तबकडी, कोणत्या दारी जोडायची, कोणत्या जातीची, कोणत्या अटींवर. शेवटच्या आकड्याने तपासणीचा क्रम ठरतो, मूळ तबकडीस एक, इतरांस दोन. ह्या जोडण्यास सूनबाई ‘माउंट करणे’ म्हणते. मी ‘जोडणे’ म्हणतो आणि दोघांचेही अडत नाही.

दाराविषयी मी तिला बारकाईने विचारले. दार मूळ तबकडीवरच असते, आत रिकामी खोली असते. तबकडी जोडली की त्या दारातून तबकडीतले सारे दिसते. माझ्या दाराचे नाव ‘नोंदी’ आहे.

“आणि तबकडी जोडली गेली नाही तर?”

“तर नुसती रिकामी खोली.”

समजले. हे शिकण्यास मला पाऊण तास लागला. सूनबाई म्हणते, शाळेतील शिक्षकांना दोन दिवस लागतात.

९ सप्टेंबर, रविवार

पहिल्या वहीची बारा पाने उतरवली. सूनबाई स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. “बाबा, केबल नीट बसवू?”

“गरज नाही. काल लिहिलेले आज दिसते. तबकडी आपली आपण ताळ्यावर आली असली पाहिजे. चालू वाहिनीवर हातोडा घालत नाहीत.”

“नक्की दिसतं?”

“मी खोटे बोलतो काय?”

तिने स्क्रूड्रायव्हर खणात ठेवला. नोंद करण्याजोगे दुसरे काही नाही.

१३ सप्टेंबर, गुरुवार

पहिली वही पूर्ण झाली. प्रत्येक झडपेस एक ओळ आहे. ठिकाण, जवळच्या दोन पक्क्या खुणांपासूनचे अंतर, फेरे, दिशा, शेरा. एका बोटाने लिहितो, परंतु ते बोट चुकत नाही.

खात्याचा नियम असा होता की, एका गोष्टीच्या दोन नोंदी असू नयेत. दोन नोंदी असल्या की एक दिवस त्या एकमेकींना खोटे पाडतात, आणि रस्ता खणणारा नेमकी खोटी वाचतो. म्हणून नवीन नोंदवही तयार झाली की जुनी पाण्यात भिजवून तिचा लगदा करीत. मीही तसेच केले. मात्र आधी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, ओळन् ओळ वहीशी ताडून पाहिली, आणि मगच वही बादलीत घातली.

सूनबाईने हे पाहिले आणि तिच्या हातातील पिशवीच खाली पडली. “बाबा! निदान एक प्रत पेनड्राइव्हवर तरी घेऊ द्या.”

“म्हणजे पुन्हा दोन नोंदी.”

“अहो, पण—”

“नियम मी केलेला नाही. परंतु मी तो अडतीस वर्षे पाळला आहे.”

आमची मंडळी म्हणाली, “नियम खात्याचा असेल, बादली माझी आहे. घासून ठेवा.” घासून ठेवली.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

बोळा आला होता. हा खात्यातील जुना जोडारी. फुटलेल्या नळात चिंधीचा बोळा कोंबून तो घरी निघून जात असे, म्हणून हे नाव. कामात निष्काळजी, परंतु मित्र म्हणून टिकाऊ. त्याला मी यंत्र सुरू करून दाखवले. हिरव्या ओळी सरसर गेल्या, आणि नित्याप्रमाणे सर्वांच्या शेवटी एक पिवळी आली.

“ती पिवळी काय म्हणते?” त्याने विचारले.

“ती रोज येते. तिची सवय असावी. एखाद्या सांध्याला घाम येतो, तसे.”

“गळत नाही ना?”

“घाम आणि गळती यांतला फरक तू मला सांगणार?”

“तसं नाही रे. माझ्या हयातीत मी ज्याला घाम म्हणालो ते सगळं पुढे गळलं, म्हणून विचारलं.”

तीन वह्या पूर्ण झाल्या. तिन्हींचा लगदा झाला आहे.

६ ऑक्टोबर, शनिवार

पाचवी वही रद्द केली. आता चार उरल्या. अभियंताबाईंचा दूरध्वनी आला, त्यांना प्रगती कळवली. त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते.” हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवत आहे.

१४ ऑक्टोबर, रविवार

सातवी वही काल संपली. ती व सहावी बादलीत घालण्याची घाई केली नाही, कारण बादली कपड्यांत गुंतली आहे.

आज यंत्राची साफसफाई केली. झडपांना वर्षातून दोनदा वंगण लागते, मग ह्याला नको काय? वीज बंद केली, बाजूचा पत्रा काढला, रंगाच्या मऊ कुंचल्याने धूळ झाडली आणि प्रत्येक जोड अंगठ्याने दाबून पाहिला. एक लाल केबल सैल होती. ती खट आवाज येईपर्यंत दाबली. सूनबाईस सांगण्यासारखे त्यात काही नव्हते. तसेही काल सायंकाळी ती माझ्या यंत्रावर शाळेच्या परीक्षेची आसनव्यवस्था छापत बसली होती, ते मला फारसे रुचलेले नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी यंत्र सुरू केले. सर्व ओळी हिरव्या, पिवळी आली नाही. कालच्या सफाईचा गुण, असे म्हणून मी चहाही घेतला. मग ‘नोंदी’ उघडले.

आत काहीही नाही.

एक परके नाव तेवढे होते, लॉस्ट अँड फाउंड असे. ते उघडले, तेही रिकामे. सात वह्यांच्या सात फायली, पाच आठवड्यांचे काम, त्यांतील पाच वह्या बादलीतून गटारात गेलेल्या. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. तेच. लिहिण्याच्या फलकावर अलीकडच्या फायलींची नावे दिसतात. नावावर बोट ठेवले की अशी फाईल अस्तित्वात नाही, असे उत्तर येते.

सूनबाई शाळेस निघाली होती. मी तिला दारात थांबवले.

“शनिवारी तू यंत्रावर काय पुसलेस?”

“काही नाही, बाबा. का? काय झालं?”

“नोंदी नाहीत. शनिवारी दुपारपर्यंत होत्या. सायंकाळी तू बसलीस. मी फक्त घडलेले सांगतो.”

तिने पायातली चप्पल पुन्हा काढली. “मला बघू द्या. काल तुम्ही यंत्र—”

“आधी माझ्या प्रश्नाचे उत्तर दे.”

“दिलं की. मी काही पुसलं नाही.”

“मग नोंदी पाय फुटून गेल्या काय?”

ती चप्पल घालून गेली.

वाहिनी फुटली की पंचनामा होईपर्यंत जागेस कोणी हात लावत नाही. त्यानुसार यंत्र बंद करून त्यावर चादर घातली व सुतळीने चारही बाजूंनी बांधले. कोणीही हात लावू नये, असे घरात जाहीर केले आहे.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

सूनबाई माझे ताट वाढते व स्वतः नंतर जेवते.

१७ ऑक्टोबर, बुधवार

गेलेल्या पाच वह्या स्मरणातून लिहावयास बसलो. चौथीत मी पहिला होतो, पाठांतरात तर शाळेत पहिला. ठिकाणे जवळजवळ सर्व आठवली. खुणांपासूनची अंतरे बरीच आठवली. फेरे निम्मे. दिशा मात्र रुग्णालयाच्या वाटेवरील तीन झडपांपैकी दोनच खात्रीने सांगता येतात. तिसरीचा उजवा फेरा लिहिला, खोडला, डावा लिहिला, तोही खोडला. जे आठवत नाही ते मी लिहिणार नाही. परंतु मग तेथे काय लिहिणार?

आमची मंडळी शेजारी येऊन भाजी निवडू लागली. “तिने पुसलं असं तुम्हाला खरंच वाटतं?”

“दुसरे कोण होते?”

“तुम्ही होता.”

“मी साफसफाई केली.”

“हो का,” एवढेच ती म्हणाली. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या दोन अक्षरांनी माझ्याशी जितके वाद जिंकले गेले, तितके खात्याच्या वकिलानेही जिंकले नसतील.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

आजची नोंद दीर्घ होईल.

सकाळी बोळा धापा टाकत आला. अभियंताबाई चौकात माणसे घेऊन उभ्या होत्या. त्यांना अकरावी झडप सापडत नव्हती आणि त्यांनी मला बोलावले होते. यादी नसल्याचे त्यांना अजून सांगितलेले नाही. सांगावे लागेल, असे ठरवूनच मी टोपी घातली.

चौकात तीन ठिकाणी खणून ठेवले होते. “काका, इथे झडप नाहीच. काढून टाकली असणार.”

“कोणी?”

“रस्ता झाला तेव्हा. दोनदा झाला ना.”

अकरावीची अंतरे मला पाठ होती. शिंप्याच्या दुकानाच्या दगडी पायरीपासून चौदा फूट, कोपऱ्यावरील खांबापासून नऊ. फितीने मोजून खडूने फुली मारली. “येथे.”

माणसांनी डांबराचा एक थर फोडला, खाली दुसरा निघाला, तोही फोडला. त्याखाली लोखंडी झाकण. झाकणावर मी पांढऱ्या रंगाने लिहिलेला अकराचा आकडा जसाच्या तसा. झाकण उचलले तर आत कोरडे चेंबर, एक कोळी, आणि माझ्या हातचे वंगण लावलेला दांडा.

“बघा बाई,” बोळा म्हणाला, “रस्त्याने गिळली होती.”

“गिळलेली नाही,” मी म्हणालो. “तिच्यावर रस्ता टाकला आहे. ती जिथल्या तिथेच—”

वाक्य पुरे झाले नाही. मी शिंप्याच्या पायरीवर बसलो. अभियंताबाईंना वाटले, मला घेरी आली. त्यांनी पाणी आणवले.

घेरी आली नव्हती. मी क्रम लावत होतो. दार आधी, आत रिकामी खोली. तबकडी न जोडल्यास नुसती रिकामी खोली. परंतु रिकाम्या खोलीत सामान ठेवता येते! पिवळी ओळ रोज आली. सोमवारी आली नाही. रविवारी मी लाल केबल खट आवाज येईपर्यंत दाबली. पाच आठवडे मी चेंबरमध्ये उतरून काम केले, आणि सहाव्या आठवड्यात स्वतःच्या अंगठ्याने त्यावर रस्ता टाकला.

तेथून मी तडक शाळेत गेलो. सूनबाई संगणक कक्षात एका टेबलाखाली तारांमध्ये शिरली होती. फक्त पाय दिसत होते. पायांशी बोलणे सोपे गेले.

“सूनबाई, त्या दाराच्या खोलीत तबकडी जोडण्यापूर्वीच जर कोणी काही ठेवले असेल, आणि नंतर तबकडी जोडली गेली, तर त्याचे काय होते?”

टेबलाखालून आवाज आला, “काही होत नाही. खालीच राहतं. फक्त दिसत नाही.” आणि मग, “बाबा, यंत्र सुरू होताना तुम्हाला शेवटी पिवळी ओळ दिसायची का?”

“रोज.”

“आणि सोमवारी?”

“नाही. रविवारी मी आतली केबल घट्ट बसवली.”

ती बाहेर आली. केसांना जळमट लागले होते. ती जमिनीवरच बसली. “रोज पिवळी ओळ तबकडी मिळाली नाही म्हणून सांगत होती, आणि तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत?”

“मला वाटले, तो घाम आहे.”

तिला हे कळणे शक्य नव्हते, तरी ती हसली. चार दिवसांत प्रथमच.

पाच वाजता आम्ही घरी आलो. सुतळी मी बांधली होती, मीच सोडली. सूनबाईने यंत्र सुरू केले, काळा फलक उघडला आणि एक शब्द लिहून मोठी तबकडी दारातून सोडवली. “आता उघडा ‘नोंदी’.”

“तूच उघड.”

“नाही. तुम्ही.”

उघडले. सात वह्या, सात फायली. दुसऱ्या वहीच्या फायलीत तिसऱ्या पानावर रुग्णालयाच्या वाटेवरील ती झडप होती. डावा फेरा. एकवीस.

आमची मंडळी दारातून म्हणाली, “सापडलं? छान. मग आता तिची माफी कोण मागणार? खातं?”

मी घसा साफ केला. परंतु नेमका त्याच वेळी सूनबाई चहा ठेवावयास उठली.

२० ऑक्टोबर, शनिवार

सूनबाईने फायली प्रथम बाजूस नेल्या, तबकडी जोडली, आणि मग त्या तबकडीवर ठेवल्या. पेनड्राइव्हवरही एक प्रत झाली, मीच सांगितले. दोन नोंदी एकमेकींना खोटे पाडतील, ही भीती खरी आहे. परंतु एकच नोंद असली की तिला खरे ठरवावयासही कोणी नसते. सहावी व सातवी ह्या वह्या बादलीतून वाचल्या, आठवी व नववी अद्याप उतरवायच्या आहेत. चारही वह्या कपाटात राहतील.

माफीचे शब्द आज दोनदा तोंडापर्यंत आले. एकदा दूधवाला आला, एकदा मीच उठून बाहेर गेलो. पहिल्या वेळी दूधवाल्याचा दोष होता.

२४ ऑक्टोबर, बुधवार

नऊ वह्या पूर्ण. यादी छापून सायंकाळी चार वाजता अभियंताबाईंच्या हातात दिली. ठरल्या दिवशी.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी आठपासून एकेक शाखा यादीच्या क्रमाने बंद करण्यात आली. चावी माणसांच्या हातात होती, मी फक्त वाचत होतो. उलट्या आट्यांच्या झडपांशी मी स्वतः उभा राहिलो. “डावीकडे. एकवीस. शेवटचे दोन हळू.” दांडा तुटला नाही. दुपारी बोळा रुग्णालयात जाऊन नळ सोडून आला आणि म्हणाला, “धार आहे. घाम नाही, धार.” नवीन वाहिनी सायंकाळी सहा वाजता जोडून झाली. प्रथम मुख्य, चार फेरे, कान लावून. मग शाखा.

अभियंताबाई म्हणाल्या, “काका, यादीवर तुमचं नाव घालणार आहे.” मी त्यांना सांगितले की नाव घालण्यास हरकत नाही, परंतु दुसरे एक नावही लागेल. ते उद्या कळवतो.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सूनबाई शाळेस निघण्यापूर्वी मी तिला यंत्रापाशी बोलावले. “तो शाखांचा तक्ता उघड. तो शब्द मला स्वतःच्या हाताने काढायचा आहे.”

तिने उघडला. मी मोठ्या तबकडीच्या ओळीवरून तो शब्द एकेक अक्षर करून पुसला. आता तबकडी नसेल तर यंत्र थांबेल आणि विचारील. थांबलेलेच बरे.

“ह्या तक्त्यात माणसाला काही लिहिता येते काय? शेरा?”

“येतो. ओळीच्या सुरुवातीला ही खूण टाका. मग ती ओळ यंत्र सोडून देतं.” तिने आडव्या-उभ्या चार रेघांची खूण दाखवली.

मी त्या ओळीच्या वर, एका बोटाने, पुढील मजकूर लिहिला:

# ही ओळ सूनबाईने दि. ५ सप्टेंबर रोजी बरोबर लिहिली होती. सासऱ्याने हट्टाने त्यात शब्द वाढवावयास लावला, व चूक झाल्यावर तिच्यावर खोटा आळ घेतला. तो शब्द सासऱ्याने आज स्वहस्ते काढला आहे. आळही मागे घेतला आहे.

तिने वाचले. पुन्हा वाचले. घड्याळात शाळेची वेळ होऊन गेली होती.

“बाबा, ही ओळ यंत्र कधीच वाचणार नाही.”

“यंत्रासाठी लिहिलेली नाही.”

तिने मजकूर जतन केला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. प्रथम तात्पुरती टाकी, मग मूळ तबकडी, मग शाखा. हिरव्या ओळी आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाहिल्या. पिवळी आली नाही.